आजोबांच्या ट्रंकेतला जपानी रुपया

पत्र थोडक्यात असं : वाचक भगिनी पुण्यात असतात, माहेर सातारा जिल्ह्यात. गावचं जुनं घर उतरवताना आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, एवढंच घरात ठाऊक. स्वतः ते त्यावर कधी बोलले नाहीत. ट्रंकेत मेणकापडात गुंडाळलेल्या तीसेक नोटा सापडल्या. बहुतेकींवर इंग्रजीत ‘जपानी सरकार’ असं छापलेलं आहे. दोन नोटा ब्रिटिश राजाच्या चित्राच्या, भारतीय, आणि त्यातल्या एकीवर लाल अक्षरांत छाप आहे. एका जपानी नोटेच्या मागे पेन्सिलीने तीन नावं लिहिलेली आहेत. चुलतभावाला फेसबुकवरच्या कुणीतरी या नोटांचे अठरा लाख देऊ केलेत, मात्र आधी २,१०० रुपये ‘नोंदणी फी’ भरायची. थोरले काका म्हणतात, जपानी पैसा म्हणजे वडील आझाद हिंद सेनेतच असणार. नोटांची फ्रेम करून पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीत लावू. आत्या म्हणतात, शत्रूचा पैसा, कदाचित लुटीचा, घरात नको, नदीत सोडा. “ट्रंक माझ्या ताब्यात आहे आणि तिघंही माझ्यावर नाराज आहेत. मी कुणाचं ऐकू?”

प्रिय ताई,

आधी घाईचं बोलू. ते २,१०० रुपये भरू नका. या धंद्यात पहिली फी नोंदणीची असते, दुसरी जीएसटीची, तिसरी ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची’, आणि अठरा लाख कायम उद्यावर असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागायला तिने कुणाला नेमलेलंही नाही. भावाला बँकेच्या शिक्क्याचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर ते खोटं समजा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. भावावर चिडूही नका. असे फोन करणाऱ्यांचा तो रोजचा व्यवसाय आहे, आणि आपल्याला तो फोन आयुष्यात एकदाच येतो.

आता खऱ्या किमतीचं. तुमच्या फोटोतल्या जपानी नोटा अस्सल दिसतात. तरीही त्यांतल्या बहुतेकींना काही शे रुपयांच्या पुढे भाव मिळणं कठीण. ‘ऐंशी वर्षांची, युद्धातली, परदेशी’ एवढं ऐकलं की नोट दुर्मीळच असणार असं आपण धरून चालतो. ही नोट मात्र ढिगाने छापली गेली, आणि ढिगानेच उरली.

जपानने डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उडी घेतली आणि ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. फौजेबरोबर नोटाही आल्या. मलायासाठी डॉलरच्या, फिलिपिन्ससाठी पेसोच्या, डच ईस्ट इंडीजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी, गिल्डरच्या आणि ब्रह्मदेशासाठी रुपयाच्या. ज्या मुलखात जे नाव लोकांच्या तोंडी, तेच नोटेवर. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि नंतरही तिथल्या नोटा आपली रिझर्व्ह बँकच काढत होती, त्यामुळे तिथे रुपया. गंमत म्हणजे रुपया ओळखीचा ठेवला, पण खालची मोड केली सेंटची. एक, पाच आणि दहा सेंटच्या चिमुकल्या नोटा निघाल्या. आण्या-पैशांत हिशेब करणाऱ्या माणसाच्या हातात दशमान पद्धत आली तीही अशी, शत्रूकडून. आपल्याकडे ती १९५७ साली आली.

एक नोट उजेडात धरून नीट बघा. पगोडा, ताडाची झाडं, वेलबुट्टी, आणि इंग्रजीत ‘मागणी करताच धारकास देण्याचं वचन’. आता नोटेचा क्रमांक शोधा. नाही सापडणार. दोन-तीन रोमन अक्षरं तेवढी आहेत आणि त्यांतलं पहिलं ‘बी’, म्हणजे बर्मा. मलायाच्या नोटेवर तिथे ‘एम’ असतं. कुणा अधिकाऱ्याची सहीही नाही, फक्त लहानसा लाल जपानी शिक्का. नोटेवर क्रमांक नसला की कुठली गड्डी कुठे गेली, एकूण किती छापल्या, हे बाहेरच्या कुणाला मोजता येत नाही. छापणाऱ्याला तेच हवं होतं. तांदूळ, लाकूड, बैल, मजुरी, सगळं या कागदावर उचललं गेलं आणि कागद संपला की आणखी छापला. मलायात दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड होतं, म्हणून लोक या पैशाला ‘केळ्याचा पैसा’ म्हणत. शेवटी शेवटी तो पोत्याने द्यावा लागत होता.

१९४५ च्या मार्चमध्ये मंडाले आणि मेच्या सुरुवातीला रंगून परत ब्रिटिशांच्या हाती आलं. ब्रिटिशांनी हे चलन मानायला नकार दिला आणि तो पैसा जागच्या जागी रद्दी झाला. रंगूनच्या रस्त्यावर नोटांचा पाचोळा पडल्याचं त्या वर्षीचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सैनिकांनी त्यातल्या मूठभर उचलल्या, कुणी आठवण म्हणून, कुणी पोरांना दाखवायला म्हणून. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पंजाब, गढवाल आणि आपला सातारा, कुठल्याही जुन्या ट्रंकेत त्या निघतात. आणि वचन पाळायला जपान आज बांधील आहे का, असं भाऊ विचारेल, तर हाँगकाँगच्या लोकांनी त्यांच्याकडच्या जपानी लष्करी येनसाठी टोकियोच्या न्यायालयात दावा लावला होता. १९९९ साली तो फेटाळला गेला.

यातून आत्याबाईंच्या शंकेचं उत्तर मिळतं, पण जरा उलट बाजूने. ज्या नोटा सैनिकांनी १९४५ मध्ये घरी आणल्या, त्या तोवर कुणाच्याच कामाच्या उरल्या नव्हत्या. त्या उचलण्यात कुणाचं काही गेलं नाही. गेलं ते आधीच, ज्या शेतकऱ्याने तीन वर्षांचा भात देऊन हे कागद घडवंचीखाली साठवले त्याचं. लूट झालीच असेल तर ती छापणाऱ्याने केली. मी आत्यांच्या जागी असते तर या नोटांकडे पाहून मला त्या शेतकऱ्याबद्दल वाईट वाटलं असतं, वडिलांबद्दल संशय आला नसता. पण हे त्यांना पटवत बसू नका. त्यांच्या मनातली अडचण बहुधा वेगळीच आहे. वडील युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, आणि न बोलण्यामागे काहीतरी वाईटच असणार असं मुलांना वाटत राहतं. तेवढं त्यांच्याशी बोलून बघा.

काकांचं प्रकरण नाजूक आहे. आपले वडील सुभाषबाबूंबरोबर होते असं मानणं ही काही चुकीची हौस नाही, आणि ते अशक्यही नाही. आझाद हिंद सेनेचं मुख्यालय जानेवारी १९४४ मध्ये रंगूनला आलं, एप्रिलमध्ये तिथे आझाद हिंद बँकही निघाली. त्या सेनेतल्या लोकांच्या खिशातही हाच जपानी रुपया खुळखुळत असे. पण रंगूनच्या भाजीवालीच्या, चेट्टियार सावकाराच्या आणि बंदरातल्या तेलुगू हमालाच्या कनवटीलाही तोच होता, आणि शेवटी विजयी फौजेतल्या शिपायाच्याही. सगळ्यांनी खर्च करावा म्हणून छापलेल्या कागदावरून तो बाळगणारा कोणत्या बाजूचा होता हे कसं ठरवायचं? उरलेली सगळी ट्रंक काय सांगते ते आधी पाहा.

आणि तुमच्या ट्रंकेत एक नोट आहे जी काकांच्या मताच्या जरा विरुद्ध बोलते. राजाच्या चित्राची, लाल छापाची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ओळ वाचता येते : ब्रह्मदेशाचं लष्करी प्रशासन, आणि खाली, ही नोट फक्त ब्रह्मदेशात वैध. मुळात ही आपल्या रिझर्व्ह बँकेची दहा रुपयांची नोट, नाशिक रोडच्या छापखान्यातली. १९४५ मध्ये परतलेल्या ब्रिटिश प्रशासनाने भारतीय नोटांवरच असा छाप मारून त्या तिकडे वापरात आणल्या. नवी नोट आखायला, ठोकळे कोरायला वेळ नव्हता. शिवाय छापाची नोट सीमेपलीकडे बाद, म्हणजे तिकडचा पैसा इकडे यायची भीती कमी. अमेरिकेनेही १९४२ मध्ये हवाई बेटांपुरत्या डॉलरवर ‘हवाई’ असं ठळक छापून हेच केलं होतं. बेटं शत्रूच्या हाती गेलीच तर तेवढ्याच नोटा एका हुकुमाने रद्द करता याव्यात म्हणून.

तेव्हा ही लाल छापाची नोट आजोबांना तिथेच मिळाली असेल तर १९४५ मध्ये किंवा त्यानंतर ते ब्रह्मदेशात होते आणि ब्रिटिश प्रशासनाचा पैसा त्यांच्या हाती येत होता, असं दिसतं. ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या माणसाचं चित्र याच्याशी जास्त जुळतं. तरी निकाल म्हणून हे काकांच्या तोंडावर फेकू नका. बाजारात हीच नोट खेळत होती, ती नागरिकाकडेही असू शकते, युद्धकैदी म्हणून पकडून नंतर सोडलेल्या माणसाकडेही. आणि हे लक्षात घ्या की साध्या भारतीय नोटेवर लाल छाप मारणं कुणालाही जमण्यासारखं आहे, म्हणून विकायची वेळ आलीच तर आधी जाणकाराला दाखवा. तुमच्या नोटेवर मी संशय घेत नाही. ट्रंक उघडल्यापासून ती तिथेच आहे.

दुसरी राजाची नोट एक रुपयाची, १९४० ची. तिच्यावर रुपयाच्या नाण्याचं चित्र आहे आणि वचन कुठेच नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांनी चांदीचे रुपये घरात दडपायला सुरुवात केली. सरकारने नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९२६ मध्ये बंद केलेली एक रुपयाची नोट पुन्हा काढली. कायद्याने तिला नाण्याचाच दर्जा दिला. नाणं स्वतःच पैसा असतं, ते कसलं वचन देणार. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नाही, सरकारच्या अर्थसचिवाची सही असते, तुमच्या नोटेवर सी. ई. जोन्स यांची. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर पुढे ऑगस्ट १९४३ पासून सी. डी. देशमुखांची सही येऊ लागली, रायगडचा हा माणूस बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. तशी नोट कुणा वाचकाच्या ट्रंकेत असेल तर तीही जपा. त्याच काळात जपान्यांनी आपल्या नोटांच्या इतक्या सफाईदार नकला केल्या की बँकेला पाणचिन्हातला राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा घ्यावा लागला आणि कागदात पहिल्यांदाच सुरक्षा धागा घालावा लागला. आज आपण पाचशेची नोट उजेडात धरून धागा बघतो, ती सवय तिथून आलेली आहे.

तुमच्या गठ्ठ्यातल्या पाच रुपयांच्या जपानी नोटा पालथ्या घालूनही बघा. अमेरिकी प्रचारखात्याने या पाच रुपयांच्या नोटेची हुबेहूब प्रत काढून मागच्या बाजूला उत्तर ब्रह्मदेशातल्या काचिन लोकांच्या भाषेत, रोमन लिपीत मजकूर छापला होता आणि डोंगराळ भागात विमानातून टाकला होता. जपानी पैसा फुकाचा आहे, असा त्याचा आशय. पैसा बघून वाकलेला माणूस उचलणार, आणि उलटवून वाचणार! अशी एखादी निघाली तर तिची किंमत बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी धरावी लागेल.

आता पेन्सिलीची नोट. तुमच्या पत्रात तिच्यावर एकच ओळ आहे, पण माझ्या मते सगळ्या गठ्ठ्यात हीच मोठी. विक्रेता तिला ‘लिहिलेली’ म्हणून बाजूला टाकेल किंवा भाव पाडेल. खोडरबराने हलकेच पुसून द्या, असंही कुणी सुचवेल. हात लावू देऊ नका. तीन नावं, त्यातल्या दोघांपुढे गावं, आणि ती गावं तुमच्या गावापासून अर्ध्या तासावर आहेत असं तुम्हीच लिहिलंय. छापलेली नोट लाखो लोकांकडे होती, या तीन नावांची नोट मात्र एकट्या तुमच्या आजोबांकडे. त्या गावांत चौकशी करा. नातवंडं सापडली तर त्यांच्या घरातल्या गोष्टींत तुमचे आजोबा निघण्याची शक्यता आहे.

नोटांना काय करू नये हेही सांगते, कारण फ्रेमचा बेत शिजतोय. लॅमिनेशन नको, एकदा केलं की नोट संपली. सेलोटेप नको, इस्त्री नको, पाण्याने धुणं नको. बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या मऊ खिशांतून पीव्हीसी निघतं आणि कागद चिकट होतो. नोटा-तिकिटांच्या दुकानात पॉलिस्टरचे पारदर्शक खिसे मिळतात, ते घ्या. मेणकापड फेकू नका, पण नोटा त्यात परत गुंडाळूही नका. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. आणि पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंनी स्कॅन, पेन्सिलीच्या नोटेचा तिरक्या उजेडात फोटोही, कारण पुसट अक्षर तिरक्या उजेडात उठून दिसतं. ग्रामपंचायतीत लावायची असेल ती रंगीत प्रत लावा. भिंतीवरच्या उन्हात खरी नोट दोन पावसाळ्यांत फिकी पडेल.

विकायचंच ठरलं तर फोनवर ठरवू नका. पुण्या-मुंबईत नाणी-नोटांची प्रदर्शनं आणि लिलाव होतात. तिथे दोन-तीन जणांना दाखवा, त्याच जातीच्या नोटा प्रत्यक्षात कितीला गेल्या ते पाहा, आणि गठ्ठा एकगठ्ठा देऊ नका. परदेशी ग्राहक मिळाला म्हणून परस्पर पोस्टाने पाठवू नका, १९७२ चा पुरावशेष कायदा जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांवरचे ऐतिहासिक दस्तऐवज देशाबाहेर नेण्यावर बंधनं घालतो. नुसती माहिती हवी असेल तर त्र्यंबकेश्वरजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे; तिथे किंमत ठरवून मिळत नाही, पण आपली नोट कुठल्या रांगेतली ते कळतं.

असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या इतरांसाठी दोन ओळी. पहिल्या महायुद्धात चांदी आटल्यावर नोव्हेंबर १९१७ मध्ये निघालेली पहिली एक रुपयाची नोट, आणि त्यामागोमाग आलेली अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट, ही खरोखर दुर्मीळ मंडळी. मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या उस्मानिया नोटा निघतात. त्यांचाही जन्म त्याच चांदीच्या टंचाईतला, १९१८ चा. दुसऱ्या महायुद्धात सुटे मिळेनासे झाले तेव्हा बिकानेर, जुनागढसारख्या संस्थानांनी काडेपेटीएवढी पुठ्ठ्याची कुपनं काढली होती. ती कुपनं खेळण्यातली समजून पुष्कळांनी फेकली आहेत. आणि ‘आझाद हिंद बँके’ची लाखाची नोट म्हणून कुणी काही दाखवलं तर आधी नक्कल धरून चाला, त्या नावाच्या नकलांचा सुळसुळाट आहे.

राहिला आजोबांचा प्रश्न, आणि तो नोटांना विचारून भागणार नाही. ट्रंक पुन्हा तळापर्यंत रिकामी करा. सैन्यातून सुटल्याचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरच्या पावत्या, पदक. सहा टोकांचा तांबूस तारा आणि निळ्या-लाल-केशरी पट्ट्यांची फीत असेल तर तो बर्मा स्टार. मागे नाव आणि क्रमांक कोरलेला असेल तर तो उतरवून घ्या, त्या क्रमांकावरून पुढचं सगळं सुरू होतं. पलटण मराठा लाइट इन्फंट्री निघाली तर बेळगावच्या त्यांच्या केंद्राकडे लिहायचं. (चौथी मराठा पलटण १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत होती, इंफाळच्या वाटेवर. तुमचे आजोबा तिथे होते असं मी म्हणत नाही, पण सातारकरांना हे नाव माहीत असायला हवं.) पलटण कळत नसेल तर साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. आणि काकांची बाजू तितक्याच गंभीरपणे तपासा : दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आझाद हिंद सेनेच्या फायली आहेत, ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून बघा. पलटणीचे कारकून कानावर पडेल तसं लिहीत.

तिघांना तुम्ही एकट्याने उत्तर देऊ नका. नोटा मोजून, यादी करून, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. साध्या जपानी नोटा चारही घरांना वाटून टाका, आत्यांना नको असेल तर त्यांचा वाटा तुमच्याकडे राहू द्या, भावाला आपला वाटा विकायचा असेल तर विकू द्या. लाल छापाची आणि पेन्सिलीची मात्र वाटणीबाहेर ठेवा. आजोबांच्या सैन्यातल्या नोंदीसाठीचा अर्ज तुम्ही लिहा, पण सही काकांची घ्या, कारण ते मुलगा आहेत, जवळचे वारस आहेत, आणि कार्यालय आधी तेच विचारणार आहे. उत्तर त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर येईल. त्यात काय असेल ते त्यांनीच आधी वाचावं, आणि पंधरा ऑगस्टच्या फ्रेमखाली काय लिहायचं ते मग त्यांनाच ठरवू द्या.